दुय्यम हवा अंतःक्षेपण

दुय्यम हवा अंतःक्षेपण ही पेट्रोल इंजिनाच्या धुरातील प्रदूषके कमी करणारी प्रणाली आहे. इंजिनात इंधनासोबत शिरते ती प्राथमिक हवा. ज्वलनानंतर निष्कास मार्गात वेगळी सोडली जाते ती दुय्यम हवा होय.

कार्यपद्धती

थंड इंजिनात पेट्रोलचे पुरेसे बाष्पीभवन होत नाही. त्यामुळे सुरुवातीला इंधन जास्त द्यावे लागते आणि त्याचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोकार्बन या रूपात बाहेर पडतो. सिलिंडरमधून नुकतेच निघालेले हे वायू अतिशय तप्त असतात. त्यांना उणीव असते ती ऑक्सिजनची. म्हणून निष्कास झडपेच्या शक्य तितक्या जवळ हवा सोडतात. तेथे ज्वलन पुढे चालू राहून कार्बन डायऑक्साईड व पाण्याची वाफ तयार होते.

हवा पुरविण्याचे दोन मार्ग आहेत. मोटारींमध्ये पंप वापरतात. दुचाकींमध्ये मात्र बहुधा पंप नसतो. निष्कास नळीतील दाब स्पंदनांच्या रूपात कमी-जास्त होतो व क्षणभर वातावरणाच्या दाबाखाली जातो; त्या क्षणी पातळ पात्याची एकदिशा झडप उघडून हवा आत ओढली जाते. ही साधी व स्वस्त युक्ती भारतातील अनेक कार्ब्युरेटरयुक्त मोटारसायकलींत वापरली गेली. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडल्यास न जळलेले इंधन निष्कास नळीत येते आणि या हवेशी संयोग होऊन सायलेन्सरमध्ये फटाक्यासारखा आवाज होतो. तो टाळण्यासाठी अशा वेळी निर्वाताच्या साहाय्याने हवा बंद करणारी झडप बसवतात.

इतिहास

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींच्या धुरातील या दोन प्रदूषकांवर मर्यादा घातल्या. तेव्हा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारे हवापंप प्रचारात आले. १९७५ च्या सुमारास उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आल्यावर त्याला ऑक्सिजन पुरविणे हेही प्रणालीचे काम झाले. पुढील काळातील मोटारींत विजेवरचा पंप थंड इंजिन सुरू केल्यानंतर अल्पकाळच चालतो. निष्कास मार्गातील ज्वलनाच्या उष्णतेने परिवर्तक लवकर तापतो, आणि साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत तो जवळजवळ निष्क्रियच असल्याने ही घाई महत्त्वाची ठरते.

मर्यादा

नायट्रोजनच्या ऑक्साईडांवर या पद्धतीचा उपयोग होत नाही. उलट त्रिमार्गी परिवर्तक तापल्यानंतरही त्यात हवा जात राहिली, तर त्या ऑक्साईडांचे विघटन अडते. एकदिशा झडप निकामी झाल्यास तप्त धूर उलटा जाऊन पंप खराब होतो.

मोजमापातही एक गोम आहे. मिसळलेल्या हवेने धूर विरळ होतो, त्यामुळे काहीही न जळता कार्बन मोनॉक्साईडची टक्केवारी घटलेली दिसू शकते. नव्या वाहनांच्या मान्यता चाचणीत प्रदूषक प्रति किलोमीटर ग्रॅममध्ये मोजतात, तेथे ही पळवाट राहत नाही. पीयूसी केंद्रावर उभ्या गाडीच्या धुरातील टक्केवारी मोजली जाते, तेथे ती राहते.