दहा पौंडांची मुंबई, चाळीस फुटांची कबर

सुरतेत कतारगाम दरवाज्याच्या रस्त्याला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. तिथे ऑक्झेंडन बंधूंची कबर विचारत फिरावं लागत नाही. उंची सुमारे ४० फूट, व्यास २५ फूट. चार मजली घराएवढी इमारत आणि तिच्यात माणसं दोन!

जॉर्ज ऑक्झेंडनचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला. जॉर्जने त्याच्यावर घुमट बांधला आणि लेख कोरवला. तो लेखही हिशेबाच्या भाषेतला: मृत्यूने हिशेब मागितला, मालकांनी चाकर गमावला, आम्ही सोबती गमावला, मेलेल्याने मात्र जमेच्या बाजूला मरण मांडावं. १६६९ मध्ये जॉर्जही सुरतेतच गेला, तेव्हा भावाच्या घुमटाला पोटात घेऊन त्याहून मोठी इमारत उठली. होंडुरासमधल्या कोपान इथे माया लोकांनीही हेच केलं होतं. १९८९ मध्ये रिकार्डो अगुर्सिया यांना एका मोठ्या देवळाच्या आत बोगद्यांतून 'रोसालिला' नावाचं सहाव्या शतकातलं अख्खं देऊळ सापडलं. जुनं न पाडता वर नवं रचलेलं. सुरतेत फक्त खणावं लागत नाही.

हाच जॉर्ज ऑक्झेंडन जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचं सैन्य सुरतेत शिरलं तेव्हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या वखारीचा प्रमुख होता. सुरतेचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. ऑक्झेंडन मूठभर माणसांनिशी वखार धरून राहिला. औरंगजेबाने खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली. दहा वर्षांनी त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता, हे मराठी वाचकाला ठाऊक असतंच.

आता आकडे जुळवून पाहा. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई कंपनीला दिली ती वर्षाला १० पौंड भाड्याने. त्या काळी सुरतेच्या वखारीतल्या कारकुनाचा वर्षाचा पगारही १० पौंडच. एका कारकुनाच्या पगारात अख्खं बेट! अशा चिक्कू कंपनीचा माणूस ४० फुटी घुमटाखाली निजतो, याला मी तरी शोक म्हणणार नाही. मुघल बंदरात व्यापारी वजन दाखवायचं तर मुघल थाटाचे घुमट हवेत, एवढं त्यांना कळलं होतं.

डचांनाही कळलं होतं. शेजारीच असलेल्या त्यांच्या दफनभूमीत हेंड्रिक फान रेडे याची अष्टकोनी कबर आहे: दुहेरी घुमट, वरखाली सज्जे, खांबांच्या रांगा. ऑक्झेंडनांना झाकोळून टाकायलाच ती बांधली, असं म्हणतात. फान रेडे हा मलबारचा माजी अंमलदार. तिथल्या सातशेहून अधिक वनस्पतींची सचित्र नोंद करणारा 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ त्यानेच करवून घेतला. पहिला खंड १६७८ चा. शेवटचा त्याच्या मृत्यूनंतर निघाला.

डिसेंबर १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला येताना तो जहाजावरच वारला. येत होता कशासाठी? डच कंपनीच्या नोकरांनी चालवलेली उधळपट्टी आणि खाबूगिरी मोडून काढायला, खास नेमलेला तपासनीस म्हणून. त्याच कंपनीच्या सुरतेतल्या नोकरांनी त्याला अशी खर्चिक कबर बांधून दिली.