मनोऱ्याचा किनारा

तंजावरच्या दक्षिणेस सुमारे 65 किलोमीटरवर, पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे, समुद्रकाठी एक षट्कोनी मनोरा उभा आहे. दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी तो नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ बांधविला. वॉटर्लूच्या लढाईशी त्याचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. परंतु कोरीव लेखातील वर्ष 1814, म्हणजे त्या लढाईच्या आदल्या वर्षाचे. तमिळ लोकही त्यास ‘मनोरा’च म्हणतात, ही मराठी वाचकास सुखावणारी गोष्ट होय.

मुलाबाळांसह पायी फिरण्यास हा किनारा सोयीचा. पाल्कचा उपसागर उथळ असून श्रीलंकेच्या आडोशामुळे लाटा सहसा लहान असतात. तथापि 2004 च्या त्सुनामीने मनोऱ्याचीही हानी केली होती, हे विसरू नये. मुलांनी पाण्यात न उतरता काठाकाठानेच चालावे; तळाशी चिखल असतो, आणि यास दुसरेही कारण आहे. उथळ पाण्यातील सागरी गवत हे ड्युगाँग या सस्तन प्राण्याचे अन्न. मादी बहुधा एकच पिल्लू देते व दुसऱ्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून तुडविलेल्या गवताची किंमत मोठी. 2022 मध्ये तमिळनाडू शासनाने येथील 448 चौरस किलोमीटर समुद्र त्याच्यासाठी राखून ठेवला. प्राणी स्वतः क्वचितच दिसतो. काठाला वाहून आलेली गवताची पाने मात्र मुलांना हाती घेऊन पाहता येतात.