कारकाधारित प्रतिमाने : साधनसंचांची निवड

स्वतंत्रपणे निर्णय घेणाऱ्या अनेक घटकांच्या (कारकांच्या) वर्तनाचे नियम संगणकास पुरवून त्यांच्या परस्परक्रियांतून समूहाचे वर्तन कसे घडते, हे पाहण्याच्या पद्धतीस कारकाधारित प्रतिमानीकरण म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संग्रहास साधनसंच ही संज्ञा आहे. वस्त्यांच्या विभाजनाविषयीचे टॉमस शेलिंग यांचे प्रतिमान (१९७१) हे या पद्धतीचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण होय.

साधनसंचाची निवड त्याच्या ख्यातीवरून न करता प्रश्नाच्या स्वरूपावरून करावी लागते. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीचा परिसर याचे चांगले उदाहरण आहे. येथील ग्रामस्थ उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्यासाठी पहाटेच जंगलात जातात. याच पट्ट्यात वाघांचा वावर असून २०२१ मध्ये छत्तीसगढमधून जिल्ह्यात रानटी हत्तींचा कळपही आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात पकडलेल्या ‘सीटी-१’ या वाघाच्या हल्ल्यांत १३ माणसे मृत्युमुखी पडली होती. संकलनाची वेळ किंवा वाट बदलल्यास माणूस व वाघ समोरासमोर येण्याचे प्रसंग कितपत कमी होतील, हा येथील प्रश्न होय. वाघ व माणूस यांच्या परस्परसंबंधांचे ‘टिगमॉड’ हे प्रतिमान शॉन अहर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले.

यूरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेला नेटलोगो विनामूल्य असून त्याची भाषा सोपी आहे. नियम थोड्या परिश्रमाने वाचता येत असल्याने वनरक्षक व ग्रामस्थांसमवेत ते तपासणे शक्य होते. गाव, तलाव, नदी व पायवाटा यांच्या नकाशांवरच सर्व भर असल्यास गामा अधिक सोयीचा ठरतो. पायथन भाषेतील मेसामुळे निष्कर्षांचे सांख्यिकीय विश्लेषण त्याच भाषेत करता येते. जावा भाषेतील मेसन व रिपास्ट हे संच असंख्य कारक आणि हजारो पुनरावृत्ती यांसाठी उपयुक्त आहेत. मात्र त्यांसाठी आज्ञावली लिहिण्याचा सराव लागतो.

एकच नियमावली दोन संचांत घातली असता निष्कर्ष भिन्न येऊ शकतात. प्रत्येक पायरीस आधी वाघ हलतो की माणूस, की दोघे एकाच वेळी, यावरही भेटींची संख्या अवलंबून असते. म्हणून हा क्रम, यादृच्छिक संख्यांचे बीज व सर्व गृहीतके लिहून ठेवणे आवश्यक असते. अशा वर्णनासाठी फोल्कर ग्रिम व इतरांनी २००६ मध्ये मांडलेला ‘ओडीडी’ हा आराखडा सर्वत्र वापरात आहे. शक्य तेथे दुसऱ्या संचात प्रतिमान पुन्हा उभारून पडताळा घ्यावा.

कोणताही संच सदोष नोंदींची उणीव भरून काढू शकत नाही. उद्या कोणत्या वाटेवर वाघ येईल, हे प्रतिमान सांगत नाही. दोन उपायांपैकी कोणता कमी धोक्याचा, याची तुलना मात्र त्यावरून करता येते. जेथे चुकीची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते, तेथे ज्याचे नियम स्थानिक लोकांस तपासता येतील, असा साधा संच प्रथम निवडणे इष्ट ठरते.