लॅपटॉप गेला, नंबर कुठाय?

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवरचा तो बाक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली आणि सीमा थेट स्टेशनातून गेली. बाहेरगावचे मित्र आले की तिथे सेल्फी ठरलेलीच. पण गंमत सोडा. एका बाजूला सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग, दुसऱ्या बाजूला धुळे-सुरत महामार्ग. आपल्याकडे चोरलेली वस्तू काही मिनिटांत दुसऱ्या राज्यात पोहोचू शकते.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हेच घडलं. घरचे सगळे दोन दिवस लग्नाला गावी गेले. परत आले तर मागच्या दाराची कडी तुटलेली आणि टेबलावरचा लॅपटॉप गायब. वडिलांनी हप्त्यावर घेतलेला, घरातला एकमेव. त्यात तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, धाकट्या भावाच्या स्कॉलरशिपची कागदपत्रं, जातीच्या दाखल्याचे स्कॅन, सगळं काही. तक्रार द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न आला, 'सिरियल नंबर काय?' ती गप्प. बिल सापडेना, खोका तर कधीच रद्दीत गेलेला.

आज रात्री दहा मिनिटं काढा

मोबाइल हरवला तर त्याचा आयएमईआय नंबर असतो. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो. सिमकार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपला मात्र हा नंबर नसतो. त्याची ओळख म्हणजे सिरियल नंबर. लॅपटॉप पालथा करा, खालच्या स्टिकरवर तो सापडेल. त्याचा फोटो काढा, बिलाचाही काढा आणि दोन्ही स्वतःलाच मेल करा. हे फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेत तर काय उपयोग?

मग सेटिंग्जमध्ये जा. विंडोजमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'फाइंड माय डिव्हाइस' असतं, ते चालू करा. मशीन पुन्हा इंटरनेटला जोडलं गेलं तर ते कुठे आहे हे कळण्याची शक्यता राहते. अ‍ॅपलवाल्यांसाठी 'फाइंड माय' आहेच.

पासवर्ड आहे की!

'माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे, टेन्शन नाही,' असं वाटत असेल तर थांबा. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे फक्त पुढच्या दाराचं कुलूप. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की तुमचे फोटो, फाइली सगळं उघडं पडतं. त्यावर उपाय एन्क्रिप्शन. विंडोजच्या होम आवृत्तीतही अनेक लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळतं. ते चालू केल्यावर रिकव्हरी की जपून ठेवा, नाहीतर एक दिवस आपणच बाहेर राहू.

आणि बॅकअप! गुगल खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते. प्रोजेक्ट आणि दाखल्यांसाठी ती भरपूर झाली. पेनड्राइव्ह वापरत असाल तर तो लॅपटॉपच्या बॅगेत नको. बॅग गेली की दोन्ही गेलं.

साध्या सवयी

लॅपटॉप रस्त्याकडच्या खिडकीजवळ उघडा ठेवू नका. नव्या मशीनचा खोका दाराबाहेर टाकू नका, ती जाहिरातच असते. गावी जाताना कुलूपबंद कपाटात ठेवा किंवा विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे. 'फॅमिली ट्रिप'चे फोटो परत आल्यावर टाकले तर लाइक्स काही कमी होत नाहीत. रूमवर राहणाऱ्यांसाठी केबल लॉक हा एक पर्याय आहे. त्यासाठी बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला छोटी खाच असते.

तरीही गेला तर?

काही हलवू नका, ११२ ला फोन करा. चोरी घरात झाली आणि तुम्ही पुण्यात किंवा सुरतेत असाल, तरी हद्दीचा प्रश्न आड येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद करून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. अर्जात 'हरवला' लिहू नका, 'चोरी' लिहा. दोन्हींत फार फरक आहे. घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

त्याच दिवशी फोनवरून मेल आणि बाकी खात्यांचे पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट व्हा.

आणि आपण?

'भाऊ, निम्म्या किमतीत लॅपटॉप आहे, बिल नाही फक्त.' ही ऑफर आपल्यापैकी अनेकांनी ऐकलीय. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण शिक्षेचं बाजूला ठेवा. घेणारा आहे म्हणून चोरणारा आहे. त्या स्वस्त मशीनमध्ये कुणाचा तरी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असतो.

मैत्रिणीने प्रोजेक्ट पुन्हा लिहिला, कॉलेजच्या लॅबमध्ये बसून. लॅपटॉप अजून मिळालेला नाही, हप्ते मात्र चालू आहेत. तिच्या फोनमध्ये आता घरातल्या प्रत्येक वस्तूच्या नंबरचा फोटो आहे. तुमच्या फोनमध्ये आहे?