भेटींचाही संयम असावा

त्या रविवारी बाबूजींच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. सकाळचे प्रवचन आटोपल्यावर मंडळी यायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत येतच राहिली. मार्केट यार्डातील आडते आणि दलाल, संघाचे विश्वस्त, बारामतीचे मामा, जालन्याची आत्या, शिवाय ज्यांची नावेही आम्हांला ठाऊक नव्हती अशी कितीतरी माणसे. प्रत्येकजण मायेने आला होता. बाबूजी प्रत्येकासाठी उशीला टेकून उठून बसत, हात जोडत, ‘जेवून जा’ म्हणत.

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांचे जुने भागीदार बार्शीहून आले. बावीस वर्षांपूर्वी पेढीच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे तुटले होते. गेला आठवडाभर बाबूजी त्यांचेच नाव घेत होते. पण ते दाराशी पोहोचले तेव्हा बाबूजी थकून गाढ ग्लानीत गेले होते. भागीदार पंधरा मिनिटे उभे राहिले, लांबूनच हात जोडले आणि परत गेले.

आलेल्यांपैकी कोणाचीही चूक नव्हती. चूक आम्हा घरच्यांची होती. मालाची आवक-जावक रोज वहीत मांडणाऱ्या आमच्या घरात बाबूजींच्या उरलेल्या शक्तीचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता. त्या रात्री आम्ही जे ठरवले आणि पुढील दिवसांत जे शिकलो, ते समाजबांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

विसाव्याची जागा

आजार बरा होण्यापलीकडे गेला की वेदना, दम लागणे, मळमळ, अस्वस्थता यांवर उपाय करीत रुग्णाचे उरलेले दिवस शांततेत जावेत, यासाठी जी शुश्रूषा होते तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि तिच्यासाठी असलेल्या निवासी केंद्राला हॉस्पिस. सिसली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि या विचाराला आधुनिक रूप मिळाले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 मध्ये उभे राहिले. पुण्यातही कर्करुग्णांसाठी अशी सेवा 1997 पासून उपलब्ध आहे. अनेक ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिका घरी येऊनही ही शुश्रूषा देतात.

इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाप्रमाणे येथे आप्तांना दूर ठेवले जात नाही. माणसांचा सहवास हा येथील उपचाराचाच भाग मानतात. म्हणूनच भेटींना वळण लावण्याची जबाबदारी कुटुंबावर अधिक येते.

दार सांभाळणे हीदेखील सेवा

आपल्या धर्माने आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याला स्थान दिले आहे. रुग्णाची सेवा म्हणजे त्याचे पाय चेपणे, त्याला पाणी पाजणे एवढेच आपण समजतो. त्याच्या विश्रांतीचे रक्षण करणे हीदेखील सेवाच आहे. पाहुण्याला ‘आज नको, उद्या या’ असे म्हणताना आपली जीभ अडखळते. समाजात नाव जाईल, व्यवहारातले संबंध दुखावतील, अशी धास्ती वाटते. पण थकलेल्या जिवाला आपल्या भिडेपोटी होणारा त्रास हीसुद्धा एक सूक्ष्म हिंसाच आहे, हे त्या रविवारी आम्हांला उमगले.

आम्ही बसवलेली घडी

प्रथम आम्ही बाबूजींनाच विचारले, ‘आपल्याला कोणाला भेटायचे आहे?’ हा प्रश्न त्यांना आजवर कोणीच विचारला नव्हता. त्यांनी डोळे मिटून सात नावे सांगितली. त्यांतील दोन नावे ऐकून आम्ही चकित झालो. एक होते बार्शीच्या भागीदारांचे आणि दुसरे गोदामावर तीस वर्षे हमाली केलेल्या वृद्ध गृहस्थांचे.

मग येणाऱ्यांचे तीन गट केले. रोज जवळ असावीत अशी माणसे, एकदा भेटून जावीत अशी माणसे, आणि ज्यांचा निरोप पुरेसा आहे अशी माणसे. तिसऱ्या गटातील मंडळींचे निरोप संध्याकाळी माझी मुलगी बाबूजींना वाचून दाखवी. कित्येकदा तेच त्यांना अधिक रुचत असे.

दाराचे काम आईकडे ठेवले नाही. रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या माणसावर पाहुण्यांचा भार टाकू नये. हे काम आम्ही जावईबापूंना दिले. जावयाचा शब्द आपल्याकडे सहसा कोणी मोडत नाही, हे खरे. शिवाय त्यांचा स्वर मृदू होता. फोन त्यांनाच करायचा, वेळ त्यांनीच द्यायची.

वेळेचेही गणित बसवले. परिचारिकेला विचारून औषध आणि अंग पुसणे झाल्यानंतरचा सकाळी दहा ते अकराचा तास ठरवला. दुपारी पूर्ण विश्रांती आणि सायंकाळी पुन्हा अर्धा तास. एका वेळी दोनच माणसे, दहा-पंधरा मिनिटे. सामायिकासाठी आपण अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसतो. रुग्णाजवळ त्याच्या पाव भाग वेळ शांत बसलो तरी भेट पुरी होते. बाबूजींनी हाताची मूठ मिटली की भेट संपली, ही खूण त्यांनी स्वतःच सुचवली होती.

समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर जावईबापूंनी निरोप टाकला: ‘बाबूजींची प्रकृती नाजूक आहे, वेदना आटोक्यात आहेत. आपल्या सर्वांचा जिव्हाळा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने भेटी मर्यादित ठेवल्या आहेत. येण्यापूर्वी कृपया मला फोन करावा. फळे, मिठाई, हार आणू नयेत. घरीच त्यांच्यासाठी नवकार म्हणावा.’ निरोप वाचून कोणी रागावले नाही. उलट ‘काय करावे ते कळले, बरे झाले’ असे अनेकांनी कळवले.

जालन्याच्या आत्या मात्र रुसल्या. ‘सख्ख्या बहिणीला वेळ घेऊन यावे लागते का?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांना आम्ही नियमाच्या चौकटीत बसवले, ही आमची दुसरी चूक. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या विश्रांतीच्या वेळी त्या काहीही न बोलता भावाच्या पायाशी बसू लागल्या. नियम माणसासाठी असतो, नात्यानुसार तो वाकवावा लागतो.

भेटीस जाणाऱ्यांनी

आपण सारेच कधी ना कधी पाहुणे म्हणूनही जातो. तीन गुप्ती साधूंच्या आचारात सांगितल्या असल्या तरी रुग्णाच्या खोलीत गृहस्थालाही त्यांचा आधार घेता येतो.

मनाची गुप्ती अशी की, आपले रडे, आपली भीती दाराबाहेर ठेवून आत जावे. डोळे भरून आले तर लपवू नयेत, परंतु रुग्णावरच आपले सांत्वन करण्याची वेळ आणू नये.

वचनाची गुप्ती सर्वांत कठीण. ‘अमक्या वैद्याकडे न्या’, ‘तमक्यालाही हेच झाले होते’, ‘किती वाळलात हो’ ही वाक्ये टाळावीत. काही सुचले नाही तर त्यांनी आपल्यासाठी केलेली एखादी गोष्ट आठवून सांगावी. बाबूजींना एका तरुण व्यापाऱ्याने सांगितले, ‘पहिल्या हंगामात आपण मला उधारीवर माल दिला, म्हणून माझे दुकान उभे राहिले.’ त्या दिवशी ते बराच वेळ हसतमुख होते. रुग्ण झोपेत दिसला तरी त्याला ऐकू येत आहे असे समजूनच बोलावे. मालमत्ता, आजाराची मुदत यांची चर्चा त्या खोलीत करू नये.

कायेची गुप्ती म्हणजे खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे, हात स्वच्छ धुवावेत, उग्र अत्तर लावू नये. सर्दी-खोकला असल्यास जाऊच नये.

दोन गोष्टी आपल्या समाजात विशेष जपायला हव्यात. शेवटच्या टप्प्यात भूक ओसरणे स्वाभाविक असते. ‘एक घास तरी घ्या’ हा आग्रह रुग्णाला त्रासदायक होतो आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही असतो. दुसरी गोष्ट व्रताची. आयुष्यभर चौविहार पाळलेल्या माणसाने रात्री वेदनेची गोळी घेतली, म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. व्रताची कल्पना डॉक्टरांना आधीच दिल्यास औषधाच्या वेळा कशा बसवता येतील, ते सांगू शकतात. संथाऱ्याचा विषयही पाहुण्याने उशाशी काढू नये. तो निर्णय त्या जिवाचा, त्याच्या गुरूंचा आणि कुटुंबाचा.

मांगलिकासाठी महासतीजींना विनंती करायची असेल तर संघामार्फत लवकर करावी. त्यांचा विहार पायी असतो, केंद्र दूर असेल तर ऐन वेळी येणे शक्य होत नाही.

बार्शीचे पाहुणे

जावईबापूंनी पहिला फोन बार्शीला केला होता. बुधवारी सकाळी दहा वाजता भागीदार आले. त्या तासात दुसऱ्या कोणालाही वेळ दिलेली नव्हती. त्यांना खोलीत सोडून आम्ही बाहेर आलो.

बारा मिनिटांनी त्यांनी दार उघडले. आत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. मी आत गेलो तेव्हा बाबूजींचे हात जोडलेलेच होते. ते एवढेच म्हणाले, ‘खमतखामणा झाला.’ दर वर्षी संवत्सरीला ते सर्वांची क्षमा मागत. त्या एका घरी मात्र बावीस वर्षे गेले नव्हते.

पुढच्या सोमवारी पहाटे, आई आणि आत्या जवळ असताना, बाबूजींनी शांतपणे देह ठेवला. बैठकीला शेकडो लोक आले. त्यांतील अनेकांना शेवटच्या दिवसांत बाबूजींची भेट मिळाली नव्हती. आम्ही त्यांची क्षमा मागितली, तेव्हा एका वृद्ध आडत्याने माझा हात धरून विचारले, ‘बार्शीवाले भेटले ना त्यांना?’ मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग आम्ही सगळेच भेटलो.’