जुन्या चुलीचं धुराडं काढताना

नांदेड-लातूरकडच्या घराघरांत गॅस आला आणि निर्धूर चूल अडगळीत गेली. केंद्र सरकारची सुधारित चुलींची मोहीम 1980च्या दशकात सुरू झाली. त्या चुलींचा धूर छपराबाहेर काढायला राखाडी सिमेंटचा पाईप सर्रास वापरला जाई. आता घराची डागडुजी निघाली की तो पाईप हातोड्याने फोडतात आणि तुकडे अंगणातल्या भरावात टाकतात. तसं करू नये. त्या काळचा सिमेंटचा पाईप असो की पत्रा, तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असं धरून कामाला हात घालावा.

नुसतं बघून खात्री होत नाही. तुटलेल्या कडेला पांढुरके केसाळ तंतू दिसले तर संशय बळावतो, पण दिसले नाहीत म्हणून धोका टळला असं नाही. पक्कं निदान प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. अ‍ॅस्बेस्टॉसविना बनवलेला पत्राही हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून वस्तूचं वय हाच हाताशी असलेला पुरावा. मात्र नवी वस्तू म्हणजे निर्धोक, असंही नाही. साठांहून अधिक देशांनी बंदी घातलेलं पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस आपल्याकडे आजही आयात होतं आणि त्याचे पत्रे बाजारात मिळतात.

‘पिढी गेली या पत्र्याखाली, कुणाला काय झालं?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. धड पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात, त्यामुळे नुसतं त्याखाली राहण्यात धोका फारसा नाही. तो वाढतो कापताना, भोक पाडताना, फोडताना. तेव्हा सुटलेले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुफ्फुसात मात्र रुतून बसतात आणि त्यातून होणारा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघडकीस येतो. तोवर पाईप कुणी, कुठे फोडला हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

‘एवढी काळजी गरिबाला परवडायची कशी?’ हा दुसरा आक्षेप. पण निम्मी काळजी पाण्यानेच होते. पाईप आधी चिंब भिजवावा, म्हणजे आतली काजळीही उडत नाही, तीसुद्धा घातकच. मग सांधे सोडवून तो अख्खाच उतरवावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि कोरडा झाडू मारू नये. नाकाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. त्यासाठी पी-100 प्रतीचा मास्क लागतो. त्याच डागडुजीत दारांवरचा जुना ऑइल पेंटही कोरडा घासू नये, कारण रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची सक्तीची मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली.

घरमालक असा पाईप आयुष्यात एकदा उतरवतो. मिस्त्री आणि बिगारी मात्र दर कामावर तीच धूळ खातात. म्हणून मास्कचा खर्च मालकाने मजुरी ठरवतानाच धरावा. नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनीही हा कचरा इतर राडारोड्यात न मिसळता वेगळा उचलावा, कारण मालकाने पाईप कितीही जपून उतरवला तरी तो ठेवायला सुरक्षित जागा नसेल, तर शेवटी कुठल्यातरी भरावात फुटणारच.