रिकाम्या वर्षांचा हिशेब

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेस जेथे क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना होता तेथे आज गृहसंकुल उभे आहे, आणि पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावर, जेथून एकेकाळी पाळी सुटली की डबेवाल्या पिशव्या खांद्याला अडकवलेल्या कामगारांचे लोंढे निघत, तेथे मॉलचे रखवालदार उभे असतात. त्या रखवालदारांत एखादा जुना टर्नर निघावा, यात या परिसरात कोणास नवल वाटत नाही.

दीर्घकाळ बेकार राहिलेल्या माणसाकडे मालक कोणत्या नजरेने पाहतो, हे मुलाखतीच्या पहिल्याच प्रश्नात उघड होते: "मधली इतकी वर्षं काय करत होतात?" या प्रश्नामागे दुष्टपणा क्वचितच असतो. इतरांनी ज्यास घेतले नाही, त्याच्यात काही खोट असलीच पाहिजे, हा अगदी स्वस्त असा तर्क असतो, आणि अर्जांचा ढीग उपसणाऱ्या कारकुनास स्वस्त तर्काची निकड असते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृत्रिम अर्ज धाडून असे आढळले की, बेकारीच्या पहिल्या आठ महिन्यांत मुलाखतीची बोलावणी झपाट्याने घटतात. मात्र जेथे बेकारी सर्वत्र पसरलेली होती, तेथे हा परिणाम सौम्य होता. सारेच रस्त्यावर आले असतील तर रिकामे राहणे हा एकट्याचा दोष ठरत नाही, हे मालकासही कळते.

आपल्याकडे अडचण येते ती येथेच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर ज्या असंख्य गिरणी कामगारांस पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही, त्यांची हकीकत निदान साऱ्या मुंबईस ठाऊक होती. उपनगरांतले कारखाने मात्र एकेक करून, गाजावाजा न होता बंद पडले, आणि गोदामांचे व रखवालीचे जे नवे ठेकेदार आले, त्यांस कोणता कारखाना कधी बंद झाला याची खबरही नव्हती. कामगाराच्या अर्जावर उरली ती केवळ कोरी वर्षे.

कायद्याने काय दिले? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५-एच ने कपातीत गेलेल्यास पुनर्भरतीत अग्रहक्क दिला खरा, पण तो जुन्याच मालकाकडे. जेथे मालकाने जमीनच विकून टाकली, तेथे हक्क बजावायचा कोणाकडे? १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले, तेथून माणूस घेणे नव्हे.

तेव्हा माझी मालकवर्गास विनंती आहे ती एवढीच: अर्ज बाजूस सारण्यापूर्वी त्या टर्नरच्या हाती मायक्रोमीटर द्यावा, लेथवर एक शाफ्ट मापात उतरवावयास सांगावा, आणि त्याच्या वर्षांचा हिशेब मागावयाचाच असेल तर कारखाना केव्हा बंद झाला, हे आधी विचारावे.